जाधव बाईंची कॅसेट

जाधव बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते. शाळेची प्रार्थना चालू होती. मुलींच्या रांगांपुढे एक उंच, सावळी बाई गळ्यात शिटी अडकवून, ते काळे हात जोडून, डोळे मिटून उभी होती. मी त्याच दिवशी विज्ञान शिकवायला रुजू झाले होते. प्रार्थना संपल्यावर मुख्याध्यापक त्यांच्याजवळ गेले.

"जाधव बाई, हातांचं हे काय?"

"सायकलची चेन उतरली सर, नाचणे गावाच्या चढावर."

"मग धुवून यायचं."

"धुवत बसले असते तर प्रार्थना चुकली असती."

मुख्याध्यापक तसेच कचेरीकडे वळले. जाधव बाईंना पुढचं विचारायला सहसा कुणी जात नसे. त्या उर्मट नव्हत्या, पण उत्तर असं पुरं करून टाकत की दुसऱ्याला त्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, आणि का केलं नाही हे रत्नागिरीसारख्या गावातही त्यांना तोंडावर विचारण्याचं धाडस कुणी केल्याचं मला आठवत नाही. त्या आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत. डबा उभ्यानं खात. चहा बशीत ओतून गार करून पीत, कारण तोंड भाजलं की शिटी नीट वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि एक प्रश्न त्यांच्या तोंडी कायम असे: "करून बघितलंत?" शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणालं की अमुक होणारच नाही, की खिडकीजवळून तो प्रश्न यायचा. खो-खोच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात जांभा दगड वर आला होता आणि मुलींचे गुडघे फुटायचे. तो कातळ आहे, तो निघणार नाही, असं भूगोलाचे साळवी सर वर्षानुवर्षं सांगत होते. जाधव बाईंनी त्यांना तो प्रश्न विचारला, उत्तराची वाट न बघता दिवाळीच्या सुट्टीत पहार आणली, आणि शाळा उघडली तेव्हा तो कोपरा सपाट झालेला होता. साळवी सर बराच वेळ तिथं बुटाच्या टाचेनं चाचपत उभे राहिले. बाईंनी त्या गोष्टीचा पुन्हा कधी उल्लेखही केला नाही.

त्यांचं गाव हातखंब्याच्या पलीकडे आत होतं. गावाच्या टोकाला, चढाच्या वर बौद्धवाडी, आणि शाळा पार खाली. लहानपणी रोज चालत जात. मी एकदा विचारलं, "सायकलचं वेड तुम्हाला लागलं कसं?" तेव्हा त्या म्हणाल्या, "चालत गेलं की रस्त्यातला जो तो विचारतो, कुठं निघालीस, कोणाची तू. सायकलवर असलं की त्याचं विचारून व्हायच्या आत आपण पुढं." हे सांगताना त्या हसल्या होत्या. मी हसले नाही, ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला.

त्यांचा धाकटा भाऊ वसंता बोटीवर होता. त्यानं जपानच्या एका बंदरातून जुनी शर्यतीची सायकल आणली, सुटी करून, गोणपाटात बांधून. मुंबईहून ती एसटीच्या टपावरून आली. बारीक टायर, खाली वळलेला हँडल, आणि इतकी हलकी की बाई ती एका हातानं उचलून शाळेच्या पायऱ्या चढत. पंजाबी ड्रेस घालून त्या तिच्यावर बसत. आमच्या शाळेत त्यावरून एक बैठकही झाली. बैठकीत बाईंनी एवढंच विचारलं, की साडीत कवायत शिकवून कुणी दाखवणार आहे का. बैठक तिथंच संपली.

पण त्या सायकलचं एक दुखणं होतं. ती सपाट मुलखासाठी बनवलेली होती आणि आमच्याकडे सपाट फक्त समुद्र. अशा सायकलच्या मागच्या चाकाच्या आसावर लहानमोठ्या दातेरी चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. चेन लहान चकतीवर असली की सायकल पळते, मोठीवर घेतली की वेग जातो पण चढ हलका होतो. बाईंच्या सायकलची सगळ्यात मोठी चकतीसुद्धा लहानच होती. त्यामुळे भाट्याची खाडी ओलांडून गोळपचा चढ लागला की ठरावीक वळणावर पायडल जड होऊन थांबायचं आणि बाईंना खाली उतरावं लागायचं.

उतरणं त्यांना सोसत नसे. उतरल्या की त्या सायकल हातात धरून वर जात नसत. मागं वळून पायथ्याशी जायच्या आणि पुन्हा सुरुवात करायच्या. एका रविवारी मी पावस गावाहून येत होते. चढावर एसटी थांबली होती आणि पूर्णगडची एक मासेवाली टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. ती बाईंना म्हणत होती, "बाय, काय पडलं काय गो तुजं रस्त्यावर? कवाधरनं वर-खाली करतंस."

"दम पडलाय," बाई म्हणाल्या. "शोधतेय."

मासेवालीनं टोपली खाली ठेवली आणि एसटी सोडून दिली. पुढची फेरी बघितल्याशिवाय तिला जायचं नव्हतं.

त्याच सुमारास गावातल्या सायकल मंडळानं शर्यत जाहीर केली, पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यातली. रत्नागिरीहून निघायचं, साखरप्यावरून आंबा घाट चढायचा आणि घाटमाथ्यावर संपवायचं. मंडळाचे चिटणीस पेशानं वकील होते. बाई त्यांच्याकडे नाव द्यायला गेल्या आणि सोबत म्हणून मला घेऊन गेल्या. वकीलसाहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि अडचण सांगितली.

"बाई, शर्यत पुरुषांची आहे."

"तसं जाहिरातीत लिहिलेलं नाही."

"लिहायची गरज वाटली नाही हो. घाट आहे तो. आमची कॉलेजची मुलं अर्ध्यात बसतात."

"मग मी पण अर्ध्यात बसेन. मुलांना बसायला देता, मला का नाही?"

वकीलसाहेबांनी चहाची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, सगळ्यांच्या मागून मंडळाची जीप येणार. जीपनं गाठलं की शर्यत संपली, निमूट जीपमध्ये बसायचं, मग तो कुणीही असो. आणि बाईमाणूस शर्यतीत आहे म्हणजे जीपमध्येही एक बाईमाणूस हवी. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. अशी मी त्या शर्यतीत गेले.

आता चकत्यांचा प्रश्न आला. त्या चकत्यांचा अख्खा गठ्ठा आसावरून सरकवून काढता येतो आणि दुसरा घालता येतो. त्या गठ्ठ्याला कॅसेट म्हणतात. बाईंनी मुंबईला निघालेल्या एका गाववाल्याबरोबर वसंताला निरोप धाडला, की बोट लागेल तिथून चांगली कॅसेट आण. वसंतानं आणल्या. एक सोडून चांगल्या पाच-सहा आणल्या, आणि सगळ्या गाण्यांच्या. त्या दिवसांत घरोघरी टेपरेकॉर्डर येत होते. बहिणीनंही घेतला असेल, असं त्याला वाटलं. बाईंनी त्या वाया घालवल्या नाहीत. त्या वर्षी आमच्या मुलींनी प्रजासत्ताक दिनाची कवायत जपानी गाण्यावर केली. पाहुण्यांनी हे कुठलं भक्तिगीत म्हणून विचारलं तेव्हा मुख्याध्यापकांनी खोकला आल्याचं निमित्त केलं.

पुढच्या खेपेला वसंता स्वतः रत्नागिरीला आला आणि दुकानाचं रंगीत माहितीपत्रक घेऊन आला. अक्षरं जपानी, पण आकडे आपल्याला कळणारे. त्यात तीन कॅसेट बाईंच्या सायकलला बसण्यासारख्या होत्या. एक अ‍ॅल्युमिनियमची, सगळ्यात हलकी, पण चकत्या लहान. दुसरी पोलादाची, जड, तिची मोठी चकती अठ्ठावीस दातांची. तिसरीही अ‍ॅल्युमिनियमची, पहिलीपेक्षा किंचित जड, अठ्ठावीस दातांची, पण तिच्यात मधल्या चकत्यांमध्ये अंतर फार. म्हणजे एका चकतीवरून दुसरीवर जाताना पायांना हिसका बसणार. ज्यानं त्यानं सल्ला दिला. वसंता म्हणाला, शर्यतीत हलकं तेच घ्यायचं, बंदरावरच्या दुकानात सगळे हलकंच मागतात. सायकलवाले रसूलभाई म्हणाले, "अ‍ॅल्युमिनियमचे दात, बाई? चेन खाऊन टाकील. पोलादी घ्या, नातवंडं वापरतील."

बाईंनी सगळ्यांचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आल्या. सायकलची जुनी, पोलादी कॅसेट रॉकेलमध्ये धुवून कागदात गुंडाळून आणली होती. "लिमये, तुमचा तराजू द्या," म्हणाल्या. आम्ही ती तोलली, माहितीपत्रकातल्या हलक्या कॅसेटचं वजन त्यातून वजा केलं, आणि जेवढा फरक आला तेवढे तांदूळ बाईंनी एका कापडी पिशवीत शिवून टाकले. ओंजळभर तांदूळ.

रविवारी आम्ही गोळपच्या चढावर गेलो. मी वर काजूच्या सावलीत बसले. बाई एकदा पिशवी बसायच्या सीटखाली बांधून चढल्या, एकदा पिशवीशिवाय, मग पुन्हा बांधून. ऊन चढेपर्यंत हे चाललं. शेवटी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. घामानं कपडे अंगाला चिकटले होते.

"काय कळलं?" मी विचारलं.

"तांदूळ आहेत की नाहीत, मला पत्ता लागला नाही. उतरावं लागलं ते प्रत्येक वेळी त्याच वळणावर."

"मग पोलादाचीच घ्या. हलकेपणाचा काही उपयोग नाही म्हणजे."

त्यांनी तांदळाची पिशवी सोडून हातात तोलली. "उपयोग असेल," म्हणाल्या. "घाटाच्या वरच्या टप्प्यात, अंगात काही उरलेलं नसताना, तेव्हा हे तांदूळ जाणवतील. तो टप्पा मी अजून बघितलाच नाही. तिथवर पोचायचं तर आधी दात हवेत. पोचल्यावर हलकं हवं."

त्या हिशेबानं तिसरी ठरली. वसंताची बोट सुटायच्या आदल्या दिवशी त्याचा ट्रंककॉल शाळेच्या कचेरीत आला. मुख्याध्यापक समोर बसलेले. बाई रिसीव्हर तोंडाशी धरून ठणठणीत आवाजात सांगत होत्या, "अठ्ठावीस दात. अठ्ठावीस. मोजून घे दुकानात. हलकी मिळाली तर हलकीच आण. नाही मिळाली तर जड चालेल, पण दात कमी चालणार नाहीत."

फोन ठेवल्यावर मुख्याध्यापकांनी काळजीनं विचारलं, "आईंची कवळी का हो?"

"नाही सर, माझी," बाई म्हणाल्या, आणि तासाला गेल्या.

कॅसेट पावसाळा संपल्यावर आली. जुनी काढायला लागणारं हत्यार गावात कुणाकडे नव्हतं. तोलायला काढली तेव्हाच रसूलभाईंनी आणि बाईंनी मिळून लोखंडी पट्टीला भंगारातल्या चेनचा तुकडा ठोकून ते तयार केलं होतं, तेच आता कामी आलं. नवी कॅसेट हातात घेतली तर रिकामी वाटी उचलल्यासारखी वाटत होती. रसूलभाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "दिसायला दागिना आहे. बघू किती दिवस." जुनी चेन मोठ्या चकतीला आखूड पडत होती, म्हणून तिला दोन कड्या जोडल्या.

तिथं चूक झाली. जुनी चेन वापरून ताणली गेली होती आणि नव्या दातांत ती बसेना. पहिल्याच दिवशी चढावर बाई उभं राहून जोर लावत असताना चेन दातांवरून सटकली आणि बाई खडीवर आपटल्या. कोपर उघडं पडलं, टाके घालावे लागले. मी संध्याकाळी कुवारबावच्या त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा गावाहून त्यांची आई आलेली होती. म्हातारी सायकलकडे पाठ करून बसली होती.

"आता पुरं कर, शाले," ती म्हणाली. "हातपाय मोडून बसलीस तर कोन बगनार तुला?"

"मोडलेलं नाय गो आये. खरचटलंय."

"शाळेत नोकरी हाय, पगार हाय, लोकं बाई म्हनतात. आजून काय पायजे?"

बाईंनी कोपराची पट्टी नीट केली. मग म्हणाल्या, "वाडीवरनं शाळेत जायचे तेव्हा तू काय सांगायचीस? खाली मान घालून जा, खाली मान घालून ये. मी तशीच गेले, तशीच आले. आता मला मान वर करून एक घाट चढायचाय."

आईनं पहिल्यांदा सायकलकडे वळून पाहिलं. "त्या सायकलीवर पन मान खालीच आसते की तुजी," ती म्हणाली.

बाई इतक्या हसल्या की टाके दुखले. आई उठली, तेलाची वाटी गरम करून आणली आणि त्यांचे पाय चोळायला बसली. शर्यतीबद्दल ती पुन्हा बोलली नाही. वसंताच्या एका सोबत्याकडून मुंबईहून नवी चेन आली. बाईंनी ठरवलं, की रोजच्या सरावाला जुनी पोलादी कॅसेट आणि जुनीच चेन. नवी जोडी शर्यतीच्या आधी एकदा तपासायला आणि मग थेट शर्यतीला. रसूलभाईंची शंका अशी त्यांनी निकालात काढली.

शर्यत हिवाळ्यात झाली. पहाटेचं धुकं होतं, पालीच्या पुढं ऊन लागलं. आमची जीप सगळ्यांच्या मागून रांगत होती. पुढं ड्रायव्हर आणि वकीलसाहेब, मागं मी, औषधांची पेटी आणि पाण्याचा पिंप. नाणीजपर्यंत बाई मधल्या घोळक्यात होत्या. साखरप्याच्या पुढं घाट सुरू झाला आणि घोळका फुटला. एक कॉलेजचा मुलगा पोटरी धरून बसलेला सापडला, त्याला आत घेतलं. मग दुसरा. दोघं मान टाकून बसले होते. मग वळणावरून पुढची सायकल दिसली. ती बाईंची होती.

जीप त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर आली. बाई सीटवर बसून, एका लयीत पाय फिरवत होत्या, इतक्या सावकाश की चालणारा माणूस बरोबर राहिला असता. चेन मोठ्या चकतीवर होती, ते मला जीपमधूनसुद्धा दिसत होतं. वळणावळणाला अंतर कमी होत गेलं. ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्नकडे हात नेला.

"वाजवू नको," वकीलसाहेब म्हणाले.

"साहेब, गाडी यापेक्षा हळू जात नाही. गरम होतेय."

"होऊ दे. शर्यतीत त्या आहेत, आपण नाही."

नियमाप्रमाणे गाठलं की संपलं. पण आता गाडी आणि बाई एकाच वेगानं चढत होत्या; त्यांना गाठायला गाडीचा वेग वाढवावा लागला असता, आणि ड्रायव्हरनं तो वाढवला नाही. कमीही केला नाही. पोटरी धरलेला मुलगा उठून पुढच्या सीटच्या दांड्याला धरून उभा राहिला. एका उभ्या वळणावर बाई डगमगल्या, पुढचं चाक आडवं गेलं, एक पाय पायडलवरून सुटून जमिनीच्या अगदी जवळ आला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाय पुन्हा पायडलवर होता.

घाटमाथ्यावर मंडळाची माणसं निशाण गुंडाळायच्या बेतात होती. बाई त्यांच्यापुढून गेल्या, आमची जीप त्यांच्या मागून. त्या कडेला थांबल्या, ओकल्या, तोंड धुतलं, आणि मग त्यांनी पहिला कोण आला ते विचारलं. नाव ऐकून मान हलवली. मग सायकल उलटी करून कॅसेटच्या दातांवरून बोट फिरवलं. "मधलं अंतर फार आहे," मला म्हणाल्या. "दोन चकत्या बदलायला हव्यात. तांदूळ मात्र जाणवले, लिमये. नव्हते ते जाणवलं."

पुढच्या वर्षी मंडळानं स्त्रियांसाठी वेगळी शर्यत ठेवली. वकीलसाहेबांनीच ती घडवून आणली आणि शाळेत येऊन स्वतः बाईंना सांगितलं. जिल्ह्यातून दहा-बारा मुलींनी नावं दिली, त्यात आमच्याच शाळेच्या तीन. फक्त ही शर्यत साखरप्याला संपणार होती, घाटाच्या पायथ्याशी. स्त्रियांना घाट नको, असं कार्यकारिणीचं म्हणणं पडलं. बाईंनी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?" वकीलसाहेब म्हणाले, "मी एकटा पडलो." बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि आपलंही नाव दिलं. मला नवल वाटलं. मला वाटलं होतं, त्या नाकारतील.

तोवर माझ्या यजमानांची बदली नाशिकला झाली होती. सामान बांधून तयार होतं, दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता. तरी मी त्या रविवारी साखरप्याला गेले. रस्त्यावर आडवी लाल फीत धरलेली, बाजूला टेबलावर चषक, ध्वनिक्षेपकावर नावं पुकारणं चालू. गावातल्या बायका मुलं कडेवर घेऊन उभ्या होत्या.

बाई पहिल्या आल्या. मागं बरंच अंतर होतं. फीत छातीला लागली, टाळ्या वाजल्या, वकीलसाहेब हार घेऊन पुढं झाले. बाईंनी ब्रेक लावलाच नाही. टेबलापुढून गेल्या तशा त्या जरा वाकल्या, उजवा हात खाली गिअरच्या खटक्याकडे गेला आणि चेन खडखडत मोठ्या चकतीवर चढली. ध्वनिक्षेपकवाला म्हणत राहिला, "जाधव बाई, शर्यत संपली आहे. कृपया थांबा. शर्यत संपली आहे."

मग दुसरी मुलगी आली, आमच्याच शाळेची. तिनं फितीच्या जागेपाशी येऊन एक पाय खाली टेकला, आणि पुढं रस्त्याकडे बघितलं. वकीलसाहेब हार हातात धरून तसेच उभे होते. तेही तिकडेच बघत होते. घाटाच्या पहिल्या वळणावर जाधव बाईंची पाठ दिसत होती, खांद्यावर अडकलेली लाल फीत मागं उडत होती. त्या सावकाश, एका लयीत वर जात होत्या. मुलीनं टेकलेला पाय उचलला.